परतीचं क्राऊन-पिनियन

३ मार्च, गुरुवार. एल्कहार्ट, इंडियाना

गाडी फार पिते. मागे काही जोडलेलं नसताना गॅलनला तेरा मैल. जोडलेलं असलं की दहा. रिकामी पळवून काही वाचत नाही, आणि माझा निम्मा प्रवास रिकामाच असतो.

इथल्या कारखान्यांत चाकांवरची घरं बनतात. आत पलंग, चूल, मोरी, पडदे, सगळं. इंग्लिश लोक, म्हणजे आमच्यातले नसलेले, ती सुट्टीत मोटारीमागे जोडून फिरतात. माझं काम एवढंच, की नवं कोरं घर माझ्या पिकअपमागे जोडायचं, दूरच्या गावी दुकानदाराच्या अंगणात सोडायचं आणि मोकळं परत यायचं. पेट्रोल माझं.

दुपारी सलोमाला फोन केला. ती आमच्या खोऱ्यातल्या चीजच्या कारखान्यात काम करते आणि तिथे भिंतीवर फोन आहे. गुरुवारी बाराला तो वाजला की मालक हाल्वरसनकाका पाठ फिरवून बहिरे होतात.

"कुठे होतास?"

"नेब्रास्कात."

"काय आहे तिथे?"

"काही नाही. गवत."

"काही नाही म्हणजे किती लांबवर काही नाही?"

मला हसू आलं. असलं काहीतरी विचारते. म्हटलं, दिवसभर. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, "दिवसभर काही नाही." मग म्हणाली, "आठ मेला वर्ग सुरू होतोय. बिशपनी सांगितलं."

हे कधीतरी माझ्यापुढे येणारच होतं. आमच्या आमिश लोकांत बाप्तिस्मा मोठेपणी, आपल्या मनाने घ्यायचा. त्याआधी उन्हाळाभर वर्ग. वर्गाच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर बाकावरून उठावं लागतं. त्या दिवशी जो उठला नाही, तो एकदम पुढच्या वर्षी. सलोमा या वर्षी उठणार. थंडीच्या आत तिचा बाप्तिस्मा होईल, आणि मग तिला लग्न करायचं तर बाप्तिस्मा घेतलेल्याशीच. मी घर सोडलं, मोटार घेतली, तरी अजून कुणी मला वाळीत टाकलेलं नाही, कारण मी अजून कसली शपथच घेतलेली नाही. दार उघडं आहे. गाडी विकायची आणि आत जायचं.

"येतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आवाज जड झाला होता. आनंदाने असेल.

९ मार्च

माझ्या खोलीच्या खाली ड्वाइटचं गॅरेज आहे. आज तो गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना. मग पाय हलले.

"चार-दहाचं क्राऊन-पिनियन आहे तुझ्या मागच्या ॲक्सलला."

"म्हणजे वाईट?"

"वाईट कशाने? चाक एकदा फिरायला मधला दांडा चार वेळा आणि वर थोडा फिरतो. ओढायला राक्षस. पण मोकळी पळवलीस की इंजिन उगाच धावत सुटतं, आणि धावेल तेवढं पिणार. तीन-बेचाळीस टाक. दांडा साडेतीन वेळासुद्धा फिरणार नाही. सपाट रस्त्यावर इंजिन झोपल्यासारखं चालेल."

मला लगेच कळलं. आमच्याकडे नांगराला जाडजूड बेल्जियन घोडे असतात आणि बग्गीला हलक्या पायाचा दुडक्या चालीचा. बाबा मरतील पण एकाच्या जागी दुसरा जुंपणार नाहीत. म्हटलं, "म्हणजे माझ्या गाडीत नांगराचा घोडा आहे आणि मी त्याला बग्गीला जुंपतोय."

"तुम्ही लोक सगळं घोड्यावर नेऊन ठेवता," ड्वाइट म्हणाला. "पण ध्यानात ठेव, तीन-बेचाळीस चढावर ओढताना रडेल."

"आता ओढायचं कितीसं राहिलंय? मेमध्ये घरी जातोय कायमचा. गाडी विकणार."

"विकणार? मग ॲक्सल कशाला उघडायला लावतोस?"

म्हटलं, परत जायला. त्याने कानामागे ग्रीस खाजवलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

१२ मार्च

बसवलं. ड्वाइट म्हणाला, वेग आणि मैल दाखवणाऱ्या काट्याच्या वायरीला खाली एक छोटं प्लास्टिकचं चक्र असतं, तेही बदलायला हवं, ते सोमवारी दुपारी येईल. मी मान हलवली. सोमवारी पहाटे मला साउथ डकोटाला निघायचं आहे. प्लास्टिकच्या चक्रासाठी कोण थांबतो.

१७ मार्च, गुरुवार

खरंच झोपल्यासारखी चालते. पूर्वी इंजिन सारखं कानाशी भांडायचं. आता खालून नुसता एक सूर येतो, लांबच्या चर्चच्या गाण्यासारखा, ज्यात शब्द कळत नाहीत. रस्ता येतो आणि जातो. एका टेकडीवर ढगाची सावली चढत होती आणि मी किती तरी वेळ तिच्याबरोबर चढलो. मग कळलं की टेकडी केव्हाच मागे गेली.

सलोमाला हे सांगितलं.

"तू झोपत नाहीस ना चालवताना?"

"नाही. पण जागाही नसतो."

"आणि मागचं घर? त्यातल्या पलंगावर कुणी झोपलेलं नसतं?"

"नवंकोरं असतं ना. वर प्लास्टिक असतं."

"खिडकीतून काय दिसतं?"

"जिथे उभं करू ते."

मग ती म्हणाली, दूध विरजायची वेळ झाली, ठेवते.

मी घराच्या आत जाऊन बसलो. तसं जायची परवानगी नाही. नळ उघडला तर पाणी नाही, दिवा लावला तर दिवा नाही. खिडकीत मात्र पूर्ण डकोटा होता. माझ्या मनात आलं की आमचं घर झालं की सलोमा गडद निळे पडदे शिवेल, सगळ्यांच्या घरी असतात तसे.

२२ मार्च

हिशोब केला. गॅलनला बारा. बारा! तेराचे बारा झाले. इतका खटाटोप करून गाडी पूर्वीपेक्षा जास्त पिते.

ड्वाइटला फोन लावला. त्याची बायको पॉलिन बोलली.

"त्याला सांगा, त्याने मला लुबाडलं."

"बरं. जेवतोय. जेवून झाला की सांगते."

"आत्ता सांगा."

"गरम आहे रे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

२९ मार्च

आज पोलिसाने अडवलं. मिसुरी नदी ओलांडली आणि मागे दिवे लागले. टोपी काढून खिडकीत वाकला. म्हातारा होता.

"कुठे आग लागलीय?"

"साहेब, मी पासष्टवर होतो. पासष्टच्या वर कधी जात नाही."

"अठ्ठ्याहत्तरवर होतास."

मी काटा दाखवला, जसा काही काटा अजून तिथे अडकून बसलाय. तो हसला नाही. विचारलं, टायर बदललेस? नाही. मग मागचं काही? म्हटलं, क्राऊन-पिनियन. त्याने टोपी पुन्हा घातली. "आणि काट्याचं चक्र तसंच ठेवलंस. अरे, काटा दांड्याचे फेरे मोजतो. दांडा आता कमी फिरतो, म्हणून काट्याला वाटतं गाडी हळू चाललीय. रस्त्याकडेच्या मैलांच्या पाट्यांशी ताडून बघ."

त्याने दंडाचा कागद फाडला नाही, नुसतं "घरी कळव, जिवंत आहेस म्हणून," म्हणाला आणि गेला.

ताडून बघितलं. काटा पाच मैल दाखवतो तेव्हा सहा झालेले असतात. मी गवतात बसून सगळं नव्याने मोजलं. बारा नव्हतेच. साडेचौदा होते. गाडी गुणी निघाली. मी तिला शिव्या देत होतो आणि ती मला मुकाट्याने माझ्या समजुतीपेक्षा लांब नेत होती.

पॉलिनला फोन केला. "ड्वाइटला सांगा, त्याने लुबाडलं नाही."

"लुबाडलं म्हणून मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

७ एप्रिल, गुरुवार

सलोमाला काट्याची गंमत सांगितली. पोट धरून हसली. हाल्वरसनकाकांनासुद्धा फोन बाजूला धरून सांगितली, मला ऐकू आलं.

"म्हणजे काट्यावर दिसतं त्यापेक्षा तू नेहमीच लांब असतोस?"

"हो."

"मग नीट का करून घेत नाहीस?"

"घेईन."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे सगळं तू परत येण्यासाठी करून घेतलंस?"

"हो. मोकळी पळायला."

"ओढायला नाही."

"ओढणं संपलंच ना आता."

"आणि कुणी तुझ्यामागे काही जोडलं तर?"

"तर चढावर रडेल."

"असं," ती म्हणाली. मागे काका खोकले. मला वाटतं ती पैशाची काळजी करते. गाडी विकताना गिऱ्हाईक काय म्हणेल याची. सांगितलं, तू नको काळजी करू, गाडी जाईल चांगल्या भावात.

१९ एप्रिल. मोंटाना

क्लच जळाला.

पार पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यात पोचवायचं मोठं घर होतं, आतापर्यंतचं सर्वांत मोठं. सपाटीवर ठीक होतं. घाट लागला, वर बर्फ अजून निम्मा. पुढे एक ट्रक थांबला म्हणून मला चढावर थांबावं लागलं, आणि तिथून ती उठेचना. चार-दहा असतं तर गुडघे टेकून उठली असती. मी क्लच अर्धा दाबून इंजिनला जोर देत राहिलो. जळक्या रबरासारखा वास आला, मग धूर, मग काहीच नाही. इंजिन ओरडत होतं आणि चाकांना त्याचा पत्ता नव्हता.

आमच्याच धंद्यातला वेंडेल मागून येत होता. त्याने माझं घर सोडवून स्वतःच्या गाडीला लावलं. त्याचं आधीचं खाली पोचवून तो परतीचं एक घर आणायला घाटापलीकडे मोकळा चालला होता. पोट सावरत वाकला, माझ्या ॲक्सलवर चढवलेली नवी आकड्यांची पट्टी वाचली.

"तीन-बेचाळीस? ह्या घाटात? पोरा, तू धंद्याला निघालायस की मांडवपरतणीला?"

"परत जायला बरं पडतं."

"परत जायला काहीही बरं पडतं. उतारावर लाकडाचा ओंडकासुद्धा चांगलं ॲव्हरेज देतो." तो हसत गेला आणि माझं घर त्याच्यामागे डुलत डुलत वळणाआड गेलं. त्या घराचे पडदे पिवळे होते.

२५ एप्रिल

क्लचप्लेट अजून आलेली नाही. जुन्या गाडीची आहे, कुठून तरी मागवलीय. गॅरेजवाला रोज म्हणतो, उद्या. त्याने झोपायला मागची खोली दिलीय आणि मी त्याचं आवार झाडतो.

गावाला नदी आहे. बर्फ वितळतंय त्यामुळे तिचा आवाज दुपारी वाढतो आणि सकाळी उतरतो, श्वासासारखा. सगळीकडे पाणी चाललंय. रस्त्याच्या कडेने, पन्हाळीतून, गवताखालून. आज मी पुलावर उभा राहिलो आणि पाणी थांबल्यासारखं आणि पूल चालल्यासारखा वाटायला लागला. मी असाच वर वर जात होतो. खूप सुख वाटलं.

मग ध्यानात आलं की प्लेट नाही आली तर आठ तारीख चुकेल. आणि मला भीती वाटत नव्हती. ती वाटत नव्हती याची मात्र नंतर फार भीती वाटली. काही बोलावं म्हणून मी देवाशी बोललो, पण काय मागायचं तेच ठरेना. शेवटी प्लेट मागितली.

२८ एप्रिल, गुरुवार

"नदीचा आवाज फोनमधून ऐकव," सलोमा म्हणाली. वायर दारापर्यंत ओढून ऐकवला. ती बराच वेळ ऐकत होती. फोनला पैसे पडत होते.

मग म्हणाली, "नाही पोचलास तर?"

"पोचणार."

"नाही पोचलास तरी चालेल, एनॉस."

माझा जीव तुटला. किती मोठं मन. माझ्यासाठी एक वर्ष थांबायला तयार आहे. मी म्हटलं, चालणार नाही, मी आठ तारखेला तुझ्याआधी उठलेला असेन. मुलगे आधी उठतात, मग मुली. तू माझी पाठ बघत उठशील.

"बरं," ती म्हणाली.

५ मे

प्लेट आली. दुपारपर्यंत बसली. निघतो.

६ मे. नॉर्थ डकोटा

मागे काही नाही, पुढे काही नाही. सकाळी धुकं जमिनीलगत होतं, त्यातून गाईंच्या नुसत्या पाठी तरंगत होत्या. पांढरे हंस उत्तरेला चालले होते, थवे संपतच नव्हते. मी पूर्वेला. वारा पाठीवर. इंजिन इतकं हळू की ते चालू आहे का हे बघायला मी एकदा पाय उचलला.

पंपावर मोजलं, काट्याचं खोटं दुरुस्त करून. सोळाच्या वर. आयुष्यात असं ॲव्हरेज मिळालं नव्हतं. पंपावरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन, आणि सुटे दिले.

वाटेत एक तळं लागलं. पाण्यात आभाळ जसंच्या तसं होतं. थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही, कारण न थांबता जायला जास्त छान वाटत होतं. आपण लवकर पोचतोय म्हणून मला आनंद व्हायला हवा. होतोय. फक्त मधेच एकदा मी पाय सैल केला आणि गाडी उगाच पन्नासवर येऊन राहिली. मागच्याने हॉर्न दिला.

८ मे, रविवार. टोमा, पेट्रोल पंप

काल संध्याकाळी खोऱ्यात पोचलो. गाडी चीजच्या कारखान्यामागे लावली, नेहमी लावतो तिथेच, आणि चालत घरी गेलो. आईने सदरा इस्त्री करून ठेवला होता. बाबा घोड्यांकडे होते.

आमचं चर्च पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी भरतं, आज मास्टांच्या घरी. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आम्ही बिनलग्नाचे मागे. मला बायकांच्या खोलीतलं नीट दिसत नव्हतं, नुसत्या टोप्यांच्या रांगा. गाणं सुरू झालं. आमचं गाणं फार हळू असतं, एकेक अक्षर लांबवत नेतात, एका कडव्यात माणसाचं मन कितीतरी ठिकाणी जाऊन येतं. पहिल्याच ओळीला बिशप आणि धर्मगुरू उठून माडीवर निघाले. आता आपण त्यांच्यामागे जायचं असतं.

माझे पाय जड होते. मग ते जड राहिले नाहीत. मी उठलो, सगळ्यांत आधी. खरं लिहितो, उठताना मनात कुठलाही रस्ता नव्हता. कुणीतरी मानेवरचं जोखड उतरवून ठेवावं तसं झालं. जिन्यावर माझ्या मागे तीन मुलगे होते. माडीवर आम्ही भिंतीशी बसलो. मग मुली आल्या, एक, दोन, पाच. दार लागलं.

सलोमा नव्हती.

बिशप बोलत होते ते मला खालच्या गाण्यासारखं ऐकू येत होतं. खाली आल्यावर जेवायला पाव, शेंगदाण्याचं लोणी, बीटाचं लोणचं. बाबांनी पावाची ताटली स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पाव खाल्ला. मग पाय मोकळे करून येतो म्हणून निघालो.

ती गाडीत बसली होती. ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर गाठोडं, बूट पुसलेले.

"उठलास?" तिने विचारलं.

"उठलो. तू नव्हतीस."

"चर्चलाच निघाले होते. वाटेत गाडी दिसली, तशीच घरी जाऊन गाठोडं घेऊन आले. मला वाटलं होतं तू पोचणार नाहीस."

"कधीपासून बसलीयस?"

"गाणं सुरू व्हायच्या आधीपासून. इथपर्यंत ऐकू येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मनापासून उठलास का?"

"हो."

"मग असं कर. मला टोमाच्या स्टँडवर सोड. पश्चिमेला जाणारी बस संध्याकाळी आहे. तू धारा काढायच्या वेळेपर्यंत परत येशील, कुणाला कळणार नाही."

"सलोमा, मी तुझ्यासाठी आलो."

"माहितीये. पण मी ये म्हणाले होते का रे कधी?"

मी गुरुवार आठवायला लागलो, एकेक. ती गवताबद्दल बोलली होती. खिडकीबद्दल. नदीबद्दल. तारीख सांगितली होती. ये असं ती कधीच म्हणाली नव्हती. आणि मी तिला दर वेळी सांगत होतो की गाडी चांगल्या भावात जाईल.

"मला वाटायचं तू विचारशील, बरोबर येतेस का म्हणून," ती म्हणाली. "मग तू ते क्राऊन-पिनियन बसवलंस."

मी गाडी चालू केली. तिने काच खाली केली आणि टोपीची नाडी सोडली नाही, नुसती सैल केली. मास्टांच्या अंगणात बग्ग्या उभ्या होत्या. बाबांचा तपकिरी घोडा मला ओळखता आला. तिथून पुढे मला नीट दिसत नव्हतं, पण रस्ता पाठ आहे.

टोमाचा स्टँड म्हणजे हा पंप. बाक आहे, बाकाला छप्पर आहे. मी गाडी बाकाशी नेली. तिने गाठोडं उचललं नाही. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी विचारलं नाही. इंजिन हळूच चालू होतं. मग मी गाडी तिथून काढली आणि पंपाशी लावली.

घरी धारेला परत जायला दोन गॅलन पुष्कळ झाले असते. मी नळी लावली आणि हात तसाच धरून ठेवला. आकडे फिरत होते. पुन्हा फिरत होते. टाकी तोंडापर्यंत आली आणि खटका पडला, तेव्हा तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"एवढं कशाला रे?"

"वारा समोरून आहे," मी म्हणालो.